उतरलेला चेहरा

माणसाच्या प्रकृतीची चौकशी आपण बहुधा त्याच्या चेहऱ्यापासून सुरू करतो. पुष्कळ दिवसांनी भेटलेल्या नातेवाइकाचे पोट सुटलेले असले, तर आपण ते पाहूनही न पाहिल्यासारखे करतो, परंतु त्याचे गाल बसलेले दिसले की "काय हो, बरे नव्हते का?" हा प्रश्न आपोआप ओठांवर येतो. चेहऱ्याच्या या साक्षीची नोंद मराठी भाषेनेही घेतली आहे. तान्ह्या मुलाच्या अंगी भरलेल्या मेदाला आपण कौतुकाने बाळसे म्हणतो. उलटपक्षी, आजाराने वा दुःखाने खंगलेल्या माणसाचा चेहरा उतरला, त्याची गालफडे बसली, डोळे खोल गेले, असे आपण म्हणतो.

ही दृष्टी फार जुनी आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रॅटीस याच्या नावावर असलेल्या रोगभविष्यविषयक ग्रंथात मरणोन्मुख रुग्णाच्या चेहऱ्याचे वर्णन आढळते: टोकदार झालेले नाक, खोल गेलेले डोळे, बसलेली कानशिले. पाश्चात्त्य वैद्यक आजही अशा चेहऱ्याला त्याच्याच नावाने ओळखते. आपल्याकडे क्षय या रोगनामाचा अर्थच मुळी झीज असा आहे. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या दुष्काळ, साथी आणि क्षयरोग पाहिले, त्या समाजाने बसलेल्या गालांचा अर्थ संकट असाच लावावा, यात नवल नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र एक निराळीच परिस्थिती निर्माण झाली आहे. मधुमेह व स्थूलता यांवरील नव्या औषधांमुळे कित्येक व्यक्तींचे वजन वर्षभरात दहा-पंधरा किलोग्रॅमांनी उतरते. रक्तातील साखर आवाक्यात येते, रक्तदाब कमी होतो, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. आणि त्याच वेळी चेहरा मात्र आजाऱ्यासारखा दिसू लागतो. 2023 च्या सुमारास अमेरिकेतील वृत्तपत्रांतून या स्थितीसाठी एका औषधाच्या व्यापारी नावावरून आलेले 'ओझेम्पिक चेहरा' हे नाव रूढ झाले आणि ते जगभर पसरले. या नावात एक आरोप दडलेला आहे. औषध चेहऱ्याला अपाय करते, असे ते सुचविते. हा आरोप कितपत खरा आहे, चेहरा उतरणे केव्हा निरुपद्रवी असते व केव्हा तो धोक्याचा इशारा समजावा, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

चेहऱ्याची घडण

चेहऱ्याचा आकार कोणत्याही एका घटकाने ठरत नाही. सर्वांत खाली कवटीची व जबड्याची हाडे असतात. त्यांवर खोल मेदाचे थर, त्यांवर हसणे, रडणे, चावणे यांसाठी लागणारे स्नायू, नंतर वरवरच्या मेदाचे थर आणि सर्वांत वर त्वचा, अशी ही रचना आहे. त्वचेला घट्टपणा येतो तो कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंमुळे, आणि ताणल्यावर पूर्ववत होण्याचा गुण येतो तो इलॅस्टिन या दुसऱ्या प्रथिनामुळे.

चेहऱ्यावरील मेद ही एक सलग चादर आहे, अशी पूर्वी समजूत होती. 2007 साली अमेरिकेतील रोहरिच व पेसा या दोन संशोधकांनी मृतदेहांच्या चेहऱ्यांत निळा रंग टोचून तो कोठवर पसरतो हे पाहिले. तो सर्वत्र न पसरता ठराविक सीमांशी थांबत होता. यावरून हा मेद स्वतंत्र कप्प्यांत विभागलेला आहे आणि त्या कप्प्यांमध्ये तंतुमय पडदे आहेत, हे स्पष्ट झाले. डोळ्यांखालचा, गालाच्या मध्यभागाचा, नाकाच्या कडेचा, कानशिलाचा, असे हे निरनिराळे कप्पे आहेत.

ही रचना ध्यानात येण्यासाठी जयपुरी रजाई डोळ्यांसमोर आणावी. रजाईतील कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून तिच्यावर जागोजाग टाके घातलेले असतात आणि प्रत्येक चौकटीतील कापूस आपापल्या जागी राहतो. वापराने एखाद्या चौकटीतील कापूस दबला, तर तेवढीच चौकट बसते; तिच्या कडेचे टाके मात्र पूर्वीइतकेच घट्ट राहतात आणि म्हणून खळगा अधिक उठून दिसतो. चेहऱ्याचेही तसेच होते. मेद कमी झाला तरी त्वचेला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू जागचे हलत नाहीत. त्यामुळे सपाटी न येता कोठे खळगा, कोठे घडी आणि कोठे लोंबणारी त्वचा असे दृश्य दिसते.

गालाच्या आत खोलवर मेदाचा आणखी एक गोळा असतो. 1732 साली हाइस्टर याने त्याचे वर्णन केले, परंतु ती ग्रंथी आहे असे त्यास वाटले. ती ग्रंथी नसून मेद आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा याने दाखविले. तान्ह्या मुलात हा गोळा चांगलाच मोठा असतो आणि दूध ओढताना गाल आत जाऊ नयेत म्हणून तो आधार देतो. बाळसेदार गालांचे रहस्य बरेचसे येथे आहे.

वय वाढते तसे या सर्वच थरांत बदल होतात. कोलॅजेन विरळ होते, खोल मेद घटतो, डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, जबड्याचे हाड झिजते. दात पडले असतील तर ही झीज अधिकच वाढते. तेव्हा पन्नाशीच्या माणसाचे गाल काही प्रमाणात वयानेच उतरणीला लागलेले असतात. मेदाचा भराव असतो तोवर ही उतरण झाकलेली राहते. भराव निघताच ती एकदम उघडी पडते आणि दोष मात्र अलीकडे सुरू केलेल्या औषधाकडे जातो.

तृप्तीचा संदेश

आता या औषधांकडे वळू. आपण जेवतो तेव्हा आतड्यातील काही पेशी रक्तात एक हार्मोन सोडतात. त्याचे नाव ग्लुकागॉनसदृश पेप्टाइड-1, संक्षेपाने जीएलपी-1. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास सांगते, जठर रिकामे होण्याची गती मंद करते आणि मेंदूतील केंद्रांना पोट भरल्याचा संदेश देते. परंतु हा संदेश अल्पजीवी असतो. रक्तात हे हार्मोन अवघ्या दोनेक मिनिटांत निम्मे नष्ट होते. औषध म्हणून त्याचा उपयोग करावयाचा तर त्याचे आयुष्य वाढविणे भाग होते.

या शोधाला एक अनपेक्षित वळण मिळाले ते अमेरिकेच्या वाळवंटात राहणाऱ्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्यामुळे. त्याच्या विषारी लाळेत जीएलपी-1 सारखेच, परंतु अधिक टिकाऊ असे एक द्रव्य जॉन इंग या शास्त्रज्ञास 1992 च्या सुमारास आढळले. त्यावर आधारलेले औषध 2005 साली अमेरिकेत मान्य झाले. पुढे मानवी हार्मोनाच्याच रेणूला मेदाम्लाची शृंखला जोडून तो रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहील, अशी योजना करण्यात आली. त्यातून आठवड्यातून एकदाच टोचावयाचे सेमाग्लुटाइड हे औषध तयार झाले. टिर्झेपटाइड हे त्यानंतरचे औषध दोन हार्मोनांचे कार्य एकत्र करते.

भारतात सेमाग्लुटाइडच्या गोळ्या 2022 मध्ये आल्या. टिर्झेपटाइडची माउंजारो ही टोचणी मार्च 2025 मध्ये, सेमाग्लुटाइडची वेगोव्ही जून 2025 मध्ये आणि ओझेम्पिक डिसेंबर 2025 मध्ये बाजारात आली. सेमाग्लुटाइडवरील भारतातील पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतची होती. अशी मुदत संपली की देशी कंपन्यांना तेच औषध तयार करण्याचा मार्ग मोकळा होतो. मूठभर श्रीमंतांचा हा विषय मध्यमवर्गाच्या घरात येऊन पोहोचला आहे, तो असा.

परिणाम किती होतो? 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत 1,961 व्यक्तींनी भाग घेतला. 68 आठवड्यांनंतर सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरीने 14.9 टक्क्यांनी घटले. औषधाविना केवळ आहार व व्यायामाचे मार्गदर्शन मिळालेल्यांचे 2.4 टक्क्यांनी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, ज्यांना आधीच हृदयविकार वा पक्षाघात यांसारखा रोग होता अशा 17,604 स्थूल वा अतिरिक्त वजनाच्या व्यक्तींमध्ये, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृद्‌रोगाने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण एकपंचमांशाने कमी झाले. बसलेल्या गालांचा विचार करताना पारड्याच्या दुसऱ्या बाजूस काय आहे, हे या आकड्यावरून कळते.

बनी पार्कमधील एक उदाहरण

जयपूरच्या तटबंदीच्या जुन्या शहराबाहेर, रेल्वे स्थानकापासून जवळच, बनी पार्क ही वसाहत आहे. बंगले, कचेऱ्या आणि जुन्या हवेल्यांतील उपाहारगृहे यांची ही सुखवस्तू वस्ती. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून येऊन तेथे स्थायिक झालेल्या एका बावन्न वर्षांच्या गृहस्थांची आपण कल्पना करू. उंची 168 सेंटिमीटर, वजन 94 किलोग्रॅम, कमरेचा घेर 108 सेंटिमीटर आणि आठ वर्षांचा मधुमेह. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी औषध सुरू केले आणि वर्षभरात त्यांचे वजन 80 किलोग्रॅमवर आले. साखर नियंत्रणात आली, कमरेचा घेर बारा सेंटिमीटरने घटला, जिना चढताना लागणारी धाप थांबली.

परंतु सकाळी बागेत फिरताना शेजारी हटकून विचारू लागले, "भाईसाहब, तबीयत तो ठीक है न?" कचेरीत कुजबुज झाली. नागपूरहून आलेल्या आत्याबाईंनी उंबरठ्यावरच कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "अरे, काय दशा करून घेतलीस ही! सोड बाबा ती इंजेक्शने." चार माणसांनी चार वेळा असे म्हटले की आरशातही तेच दिसू लागते. अशा वेळी डॉक्टरांना न विचारता औषध बंद करण्याचा मोह बळावतो. दुसरे काही जण जवळच्या सौंदर्यगृहात जाऊन गाल भरून देण्याची चौकशी करतात. हे दोन्ही मार्ग घाईचे आहेत. का, ते समजण्यासाठी चेहऱ्यावर नेमके काय घडले ते पाहिले पाहिजे.

चेहराच का?

शरीराला उष्मांकांची तूट पडली की ते साठविलेला मेद वापरू लागते. तो मेद कोठून काढावा, हे आपल्या इच्छेवर अवलंबून नसते. पोटाचा मेद काढ आणि गालाचा राहू दे, असे शरीराला सांगता येत नाही. कोठला मेद किती प्रमाणात जाईल हे आनुवंशिकता, लिंग, वय यांवर ठरते. सेमाग्लुटाइड चेहऱ्याच्या मेदावर निवडून हल्ला करते, असे सिद्ध झालेले नाही. कडक आहारनियंत्रणाने, लांब पल्ल्याच्या धावण्याने किंवा जठरावरील शस्त्रक्रियेने तेवढेच वजन तितक्याच वेगाने घटले, तरी चेहऱ्यावर असाच परिणाम दिसतो. जठराची शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकांना हे दृश्य फार पूर्वीपासून परिचित आहे.

मग चेहऱ्यावरच ते इतके का जाणवते? पहिले कारण असे की, चेहऱ्यावरील मेद मुळातच थोडा असतो. पोटावरील जाड थरातून एखादा सेंटिमीटर गेला तर तो सदऱ्याखाली झाकला जातो. डोळ्यांखालच्या पातळ थरातून काही मिलिमीटर गेले तरी सावली पडते. दुसरे कारण वेगाचे. त्वचा आकुंचन पावते, पण सावकाश. वर्षानुवर्षे ताणलेल्या त्वचेखालचा भराव काही महिन्यांत निघाला, तर ती सैल राहते. चाळिशीनंतर, उन्हात काम करणाऱ्यांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत तिचा लवचीकपणा आधीच घटलेला असतो. राजस्थानातील प्रखर ऊन या बाबतीत प्रतिकूलच.

तिसरे कारण पाण्याचे. या औषधांनी मळमळ, उलट्या वा जुलाब होऊ शकतात आणि जेवणाबरोबर पोटात जाणारे पाणीही कमी होते. जयपूरच्या मे महिन्यातील कोरड्या उष्म्यात अशा व्यक्तीचे डोळे खोल दिसू लागले, तर त्यात मेदापेक्षा निर्जलीकरणाचा वाटा मोठा असू शकतो आणि तो तातडीने भरून काढला पाहिजे, कारण त्याचा ताण मूत्रपिंडांवर पडतो.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे. वजन घटते तेव्हा केवळ मेद जात नाही. वर उल्लेखिलेल्या 2021 च्या चाचणीत काही व्यक्तींच्या शरीररचनेचे मापन करण्यात आले. घटलेल्या वजनापैकी सुमारे दोनपंचमांश भाग मेदरहित होता. टिर्झेपटाइडच्या चाचणीत तो सुमारे एकचतुर्थांश आढळला. या मेदरहित भागात पाणी व इंद्रियांचे वजनही येते. तो सगळा स्नायूंचा नसतो. तरीही स्नायूंची घट होते, हे खरे. चेहऱ्याला उतरती कळा येते तेव्हा मांड्या, दंड आणि पाठ यांतही काहीतरी कमी होत असण्याचा संभव असतो. चिंता करावयाची ती याची.

एक जुना धडा

औषधाने चेहरा उतरण्याचा अनुभव भारताला नवा नाही. 1 एप्रिल 2004 रोजी केंद्र सरकारने एचआयव्ही-बाधितांसाठी मोफत विषाणुरोधक उपचाराची योजना काही मोजक्या रुग्णालयांत सुरू केली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे त्यांपैकी एक होते. त्या काळच्या स्वस्त औषधसंयोगात स्टॅव्ह्यूडीन हे एक औषध असे. त्याने असंख्य लोकांचे प्राण वाचले. परंतु ते दीर्घकाळ घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांच्या गालांतील, हातापायांतील मेद नाहीसा होऊ लागला. प्रकृती सुधारत होती, काम करण्याची शक्ती परत येत होती आणि चेहरा मात्र रोगाची जाहिरात करीत होता. ज्या आजाराचे नावही घरात उच्चारले जात नसे, तो आजार चेहऱ्यावरून ओळखला जाईल, ही भीती लहान नव्हती.

तेथे औषध खरोखरच दोषी होते. स्टॅव्ह्यूडीन मेदपेशींच्या आतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या तंतुकणिकांना इजा करीत असे आणि त्यामुळे त्या पेशीच मरत. औषध बदलल्यानंतरही गेलेला मेद फारच सावकाश आणि अपुरा परत येई. 2009 साली जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाचा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याचा सल्ला दिला आणि त्याची जागा अन्य औषधांनी घेतली.

वजन घटविणाऱ्या आजच्या औषधांची गोष्ट वेगळी आहे. प्रौढ वयात मेदपेशींची संख्या जवळजवळ स्थिर राहते आणि वजन घटल्याने त्या मरत नाहीत, केवळ आकसतात, असे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले. म्हणजे स्टॅव्ह्यूडीनने कोठारच पाडले होते. येथे कोठार शाबूत आहे, त्यातील धान्य तेवढे कमी झाले आहे. एकसारख्या दिसणाऱ्या दोन चेहऱ्यांमागे दोन सर्वस्वी भिन्न घटना असू शकतात, हा या तुलनेचा पहिला बोध. दुसरा बोध असा की, चेहऱ्याविषयी रुग्णाला वाटणारी व्यथा ही पोकळ हौस मानून हसण्यावारी नेऊ नये. लाजेमुळे माणसे औषध सोडतात, आणि मग अपाय चेहऱ्यापुरता राहत नाही.

पुण्याचे उत्तर

चेहऱ्याची साक्ष भारतीयांच्या बाबतीत विशेष सावधपणे घ्यावी लागते. याचे कारण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा होता: 22.3. परंतु युडकिन यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरातील 21.2 टक्के होते. सारखेच वजन, पण मेद दुपटीहून अधिक.

हे अंतर जन्मापासूनच असते, हेही पुण्याजवळच्या खेड्यांतील अभ्यासाने दाखविले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे 3.5 किलोग्रॅम होते. पुण्याकडील बालके लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते. त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. सडपातळ दिसणाऱ्या शरीरात चरबी बाळगणारा असा हा भारतीय देह आहे.

या निष्कर्षाचे आपल्या विषयाशी दुहेरी नाते आहे. एक म्हणजे, चेहरा व हातपाय बारीक असूनही पोटात, यकृताभोवती मेद असू शकतो. गाल बसले याचा अर्थ पोटातील मेद संपला, असा होत नाही. बनी पार्कमधील आपल्या गृहस्थांचा घेर अजूनही 96 सेंटिमीटर आहे. भारतीय पुरुषासाठी 90 आणि स्त्रीसाठी 80 ही मर्यादा मानली जाते. चेहरा म्हणतो पुरे झाले, कंबर म्हणते अजून बाकी आहे. दुसरी गोष्ट, आपल्याजवळ स्नायूंची पुंजी मुळात थोडी असल्याने तिच्यातून होणारा खर्च आपल्याला अधिक जड जाण्याचा संभव आहे.

काय करावे

पहिली गोष्ट गतीची. सेमाग्लुटाइडची मात्रा 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांत, पूर्ण मात्रेपर्यंत नेली जाते. ही पायरी घाईने ओलांडू नये. वजन फारच झपाट्याने उतरत असेल, तर मात्रा आहे तेथेच थांबवावी की कमी करावी, हे डॉक्टर ठरवू शकतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, ओळखीच्या दुकानातून, मित्राने घेतली म्हणून ही औषधे घेणे सर्वथा अयोग्य होय.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. प्रौढ भारतीयास एरवी दर किलोग्रॅम वजनामागे दररोज 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. वजन घटत असताना पुष्कळ तज्ज्ञ 1.2 ग्रॅम वा त्याहून अधिकाची शिफारस करतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच हे प्रमाण ठरवावे. भूक मंदावलेली असताना ताटातील पहिला मान प्रथिनांना द्यावा, भात-पोळीचा घास नंतर घ्यावा. मूग, हरभरा, सोयाबीन, दही, पनीर, अंडी हे सर्वत्र मिळते. राजस्थानात मोठ म्हणून ओळखली जाणारी आपली मटकी तर तेथील वालुकामय जमिनीचेच पीक आहे. पन्नास ग्रॅम कोरड्या डाळीतून किंवा कडधान्यातून साधारण बारा ग्रॅम प्रथिने मिळतात.

तिसरी गोष्ट स्नायूंना काम देण्याची. नुसते फिरणे हृदयाला हितकर आहे, परंतु स्नायू राखण्यासाठी त्यांना भाराविरुद्ध काम करावे लागते. आठवड्यातून दोन-तीन वेळा बैठका, भिंतीला हात टेकून जोर, वजन उचलणे यांपैकी जे झेपेल ते करावे. स्नायू घटत आहेत की नाहीत, याची एक सोपी परीक्षा घरीच घेता येते. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठावे व बसावे. आशियाई तज्ज्ञगटाने 2019 साली ठरविलेल्या निकषाप्रमाणे यास बारा सेकंद वा अधिक वेळ लागल्यास स्नायूंची कार्यशक्ती कमी झाल्याचा संशय घ्यावा. ही परीक्षा आणि कमरेचा फीत-माप, या दोहोंची साक्ष आरशापेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

चौथी गोष्ट, चेहरा उतरण्याची अन्य कारणे नजरेआड होऊ देऊ नयेत. मात्रा न वाढविताही वजन घसरतच राहणे, दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी बारीक ताप, सततच्या उलट्या, अन्न गिळताना त्रास, ही लक्षणे असल्यास क्षय, थायरॉइडचा विकार, कर्करोग यांची तपासणी आवश्यक आहे. तंबाखू, गुटखा वा सुपारी खाणाऱ्याचे गाल आतून ताठर होऊन तोंड पुरते उघडेनासे झाले असेल, तर त्याचा संबंध वजनाशी नसून तोंडाच्या गंभीर विकाराशी आहे. औषधाच्या नावावर सर्व खर्च मांडला की असे रोग लपून राहतात.

सुईने गाल भरणे

मेद गेलेल्या जागी हायल्युरॉनिक आम्लाचे जेल टोचणे, पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या द्रव्याने त्वचेला नवे कोलॅजेन तयार करण्यास उद्युक्त करणे, शरीराच्या दुसऱ्या भागातील मेद काढून गालात भरणे आणि सैल त्वचा शस्त्रक्रियेने ताणणे, असे उपाय उपलब्ध आहेत. पॉलिलॅक्टिक आम्लाला अमेरिकेत 2004 साली मान्यता मिळाली ती एचआयव्हीच्या रुग्णांच्या बसलेल्या गालांसाठीच, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

या उपायांची निंदा करण्याचे कारण नाही. मात्र त्यांना काळवेळ आहे. वजन उतरत असताना गाल भरणे म्हणजे पाणी ओसरत असताना काठाची खूण करणे. वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच खरी उणीव किती, ते कळते. त्या अवधीत त्वचा थोडीबहुत आकसते आणि पुष्कळांना उपायाची गरजच भासत नाही. शिवाय चेहऱ्यातील रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. टोचलेले द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचेचा भाग मृत होऊ शकतो. क्वचित दृष्टीही जाते. म्हणून हे काम प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ वा सुघटनशल्यचिकित्सक यांच्याकडूनच, तातडीच्या उपचारांची सोय असेल तेथेच करून घ्यावे.

औषध सोडल्यास काय?

चेहऱ्यासाठी औषध सोडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 2021 च्या चाचणीतील काही व्यक्तींचे निरीक्षण औषध थांबविल्यानंतरही चालू ठेवण्यात आले. वर्षभरात त्यांनी गमावलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत मिळविले आणि रक्तदाब इत्यादींत झालेली सुधारणाही बरीचशी ओसरली. परतणारे वजन प्रामुख्याने मेदाचे असते. गमावलेले स्नायू आपोआप परत येत नाहीत, ते श्रमाने मिळवावे लागतात. गाल पुन्हा भरतील या आशेने औषध सोडणाऱ्याला गालांच्या आधी पोट भरून आलेले दिसण्याचा संभव अधिक.

याचा अर्थ औषध काही झाले तरी चालूच ठेवावे, असा नाही. चरकसंहितेने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंनाही निंद्य ठरविले आहे, आणि मध्यम शरीराची वाखाणणी केली आहे. वजन कोठवर उतरू द्यावे, याची रेषा प्रत्येकासाठी निराळी असते आणि ती रुग्णाने व डॉक्टरांनी मिळून आखावयाची असते. तो निर्णय कमरेचा घेर, रक्ताची तपासणी, स्नायूंची शक्ती आणि रुग्णाचे स्वतःचे समाधान यांच्या आधारे व्हावा.

घरच्या मंडळींनाही येथे एक कर्तव्य आहे. उतरलेला चेहरा पाहून काळजी वाटणे हे आपुलकीचे लक्षण आहे. त्या काळजीने योग्य प्रश्न तेवढे विचारावेत. जेवण पुरेसे होते का, पाणी पितोस ना, जिना चढताना पाय थकतात का, पुढची तपासणी कधी आहे, असे विचारणारी आत्या आपल्या भाच्याच्या उपचारात खरी सहभागी होते. चेहरा हा प्रामाणिक साक्षीदार आहे, परंतु त्याला फार थोडे ठाऊक असते. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि निकाल देण्यापूर्वी इतर साक्षीही नोंदवून घ्याव्यात.